कॉम्प्युटर घरी बनतो, फ्लॉपी ड्राइव्ह बनत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ई-कचरा संकलनाच्या मोहिमांची छायाचित्रे आपल्या दैनिकात येतात, तेव्हा माझी नजर आधी ढिगाऱ्याकडे जाते. गेल्या महिन्यातल्या एका छायाचित्रात टेम्पोच्या फाळक्याशी एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर उलटा पडला होता. त्याचा ३६ पिनांचा कनेक्टर अगदी शाबूत दिसत होता. हे पत्र त्या प्रिंटरसारख्या, कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या जुन्या यंत्रांसाठी आहे; ती भंगारात जाण्याआधी वाचवावीत, एवढीच विनंती.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मायक्रोप्रोसेसर प्रयोगशाळेत मी ३१ वर्षे साहाय्यक होते. ८०८५ या प्रोसेसरची शिकवण्याची किट मांडायची, जळलेल्या आयसी (चिप) बदलायच्या, सामानाच्या नोंदीचे डेड स्टॉक रजिस्टर भरायचे, हे माझे काम. निवृत्त झाल्यावर मी घरी झेड-८० प्रोसेसरवर स्वतःचा कॉम्प्युटर बांधायला घेतला. झायलॉग कंपनीने हा प्रोसेसर १९७६ साली आणला. ४० पायांची आयसी, ६४ किलोबाइटपर्यंतची मेमरी. सगळा एका माणसाच्या डोक्यात मावतो. कुठली तार कुठे जाते आणि का, हे मी झोपेतून उठवले तरी सांगू शकते. तीन जनरल पर्पज पीसीबी (भोके पाडलेले कोरे बोर्ड), प्रत्येक आयसीशेजारी विजेचे चढउतार सावरणारा १०४ नंबरचा कपॅसिटर, आणि हे सगळे आईच्या शिवणयंत्राच्या लाकडी झाकणात बसवलेले.

कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये ही ४० पायांची आयसी बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले, "मॅडम, आता तुमचं कसं होणार?" मला त्याची चिंता नाही. माझी आयसी पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात मिळाली, आणखी दोन मी डब्यात ठेवल्या आहेत. चिंता आहे ती कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या यंत्रांची. प्रोसेसर, रॅम, एप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी चिप) या वस्तू विकत आणून सोल्डर करता येतात. फ्लॉपी ड्राइव्हचे तबकडी वाचणारे हेड, प्रिंटरचे नऊ पिनांचे डोके, टर्मिनलची (पडदा आणि कीबोर्ड असलेल्या यंत्राची) पिक्चर ट्यूब कुणालाही घरी करता येत नाही. ती एकदा भंगारात फुटली की संपली.

प्रिंटर मी जुन्या बाजारातून आणला. बुधवारी सकाळी लवकर गेले होते. विक्रेता म्हणाला, "काकू, चालू आहे का ते ठाऊक नाही, दोनशे द्या अन् घेऊन जा." घरी आणून आधी सिरीज बल्ब लावून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून प्रवाह आवरत, वीज दिली, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेले कपॅसिटर थेट २३० व्होल्टवर फुटू शकतात. मग बाहेरची यंत्रे जोडायच्या ८२५५ आयसीच्या एका पोर्टवरून डेटाच्या आठ तारा, दुसऱ्यावरून स्ट्रोब ('अक्षर घे') आणि बिझी ('थांब') या इशाऱ्यांच्या तारा. प्रिंटर लगेच छापायला लागला, पण मधूनच एखादे अक्षर दोनदा उमटे. प्रोग्रॅम दहा वेळा तपासला. दोष माझ्या कंजूषपणाचा निघाला. ३६ पिनांपैकी बऱ्याच पिना नुसत्या ग्राउंड, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या वाटा, आहेत आणि मी तारा वाचवायला एकच जोडली होती. स्ट्रोब म्हणजे जेमतेम अर्ध्या मायक्रोसेकंदाचा इशारा. शेजारच्या तारांच्या गडबडीत प्रिंटरला तो दोनदा ऐकू येत होता. प्रत्येक सिग्नलला त्याची स्वतःची ग्राउंड पिळून दिली आणि दुबार अक्षरे थांबली. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. मुलांच्या हाताखाली खरा प्रिंटर असल्याशिवाय त्या ओळीचा अर्थ कळत नाही.

त्या प्रिंटरला देवनागरी येत नाही. मी त्याला चित्र म्हणून अक्षरे काढायला लावते. एका ओळीसाठी डोके तीनदा फिरते: पहिल्या फेरीत वेलांट्या आणि मात्रा, दुसऱ्या फेरीत अक्षर, तिसऱ्या फेरीत उकार. शिरोरेषेला एकच पिन ओळभर टकटक करत जाते. स्वतः बांधलेल्या यंत्राने छापलेले पहिले मराठी वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे मला विचारतात. आमच्या ओळखीच्या एका पेठेतल्या वाचनालयाने नव्वदच्या दशकात आपली ग्रंथसूची सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर घेतली होती. त्यांच्या पीसीत सी-डॅक या सरकारी संस्थेचे, भारतीय लिप्या दाखवणारे जिस्ट कार्ड होते, म्हणून मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात होता, ज्यात १७९ हा आकडा म्हणजे 'क'. पीसी कधीच गेला. कागदी सूचीचा काही भाग वाळवीने खाल्ला. राहिल्या त्या ११ फ्लॉप्या, आणि त्या वाचणारे यंत्र त्यांना कुठेच मिळेना. माझ्याकडे एक ३६० किलोबाइटचा ड्राइव्ह होता. त्याला ड्राइव्ह चालवणारी १७७० नंबरची कंट्रोलर आयसी जोडली. फिरत्या तबकडीवरून दर ३२ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येते. तेवढ्यात झेड-८०ने उचलली नाही तर ती गेली आणि सेक्टर (तबकडीचा तो तुकडा) पुन्हा वाचायचा. चार मेगाहर्ट्झच्या वेगावर झेड-८०ला तेवढ्या वेळात घड्याळाचे जेमतेम १२८ ठोके मिळतात. प्रोग्रॅम बसवायला तीन आठवडे लागले. ११ पैकी नऊ फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या. संकेत बदलून ग्रंथपालांना त्या पेन ड्राइव्हवर दिल्या, त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

आता तक्रार. साधारण त्याच सुमारास एका संस्थेची प्रयोगशाळा रिकामी होत होती. १४ फ्लॉपी ड्राइव्ह, सहा प्रिंटर, चार सिरियल टर्मिनल. मी पैसे देऊन दोन ड्राइव्ह मागितले. निर्लेखित (वापरातून काढलेले) सामान एकाच गठ्ठ्यात लिलावात जाते, सुटे देता येत नाही, असे उत्तर मिळाले. अधिकारी वाईट माणूस नव्हता, नियम तसाच होता. चौथ्या दिवशी सगळे किलोवर गेले. टर्मिनलच्या काचा टेम्पोत चढवतानाच फुटल्याचे मी पाहिले.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही स्थान आहे. तेव्हा शहरातल्या महाविद्यालयांना आणि कार्यालयांना माझी विनंती आहे की जुनी यंत्रे लिलावात काढण्याआधी ड्राइव्ह, प्रिंटर, टर्मिनल, कीबोर्ड यांची सुटी यादी १५ दिवस फलकावर लावा आणि ज्याला चालवायचे आहे त्याला रास्त किमतीत घेऊ द्या. यंत्राबरोबर त्याची केबल आणि मॅन्युअलही द्या. केबलअभावी चांगला ड्राइव्ह वर्षभर पडून राहिलेला मी पाहिला आहे. संग्रहालय उभारणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमवले, म्हणून आज ते शुक्रवार पेठेत पाहायला मिळतात. प्रयोगशाळांतली यंत्रे तर अजून चालूही आहेत.

घरी कुणाच्या माळ्यावर असा ड्राइव्ह असेल, तर त्यात पुठ्ठ्याचे संरक्षक कार्ड घालून ठेवा, म्हणजे हेड एकमेकांवर आपटणार नाहीत. जुन्या मदरबोर्डवर बॅटरी असेल तर आधी ती काढा. तिच्यातून पाझरलेले रसायन बोर्डवरचे तांब्याचे पट्टे खाते.

वाचनालयाच्या उरलेल्या दोन फ्लॉप्यांवर बुरशी आहे. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या फ्लॉपीला ती धरतेच. बुरशीची फ्लॉपी फिरवली की हेड खराब होते, तबकडीवर ओरखडे उठतात, म्हणून माझा एकुलता चालू ड्राइव्ह मी तिच्यासाठी पणाला लावू शकत नाही. त्यासाठी दुसरा ड्राइव्ह हवा, जो बिघडला तरी चालेल. ज्या १४ ड्राइव्हची मी वर नोंद केली, त्यांतला एकही त्याला पुरला असता. तोवर त्या दोन फ्लॉप्या मी सिलिका जेलच्या पुड्यांसह स्टीलच्या डब्यात ठेवल्या आहेत. त्यांच्यावर सूचीतली 'प' ते 'म' ही अक्षरे आहेत.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
कोथरूड, पुणे