पिकअपचा हौदा लायनरच्या खालून सडतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी मिनेसोटात डुलूथजवळ राहतो आणि तुमचा पेपर रोज मोबाइलवर वाचतो. इकडे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये नोकरीला आलेली आपली बरीच मराठी मुलं आता स्नोमोबाइल, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरता रबरी पट्टा असलेली बर्फावर चालवायची गाडी, घ्यायला लागलीत. मिनेसोटा तर या मशीनचं माहेरच, पोलारिस रोझो गावातली आणि आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची. मशीन आली की ती न्यायला पिकअप येतो, आणि मग डीलर दाखवेल ते प्लास्टिकचं लायनर, म्हणजे पत्र्यावरचं अस्तर, हौद्यात बसवलं की झालं, असं सगळे धरून चालतात. पन्नास-साठ हजार डॉलरची गाडी आणि काही हिवाळ्यांतच हौद्याला गंजाची भोकं, हे बघून खरंच जीव तुटतो म्हणून हे पत्र.

स्नोमोबाइलचं वजन दोनशे ते तीनशे किलो, ते हौद्याला काहीच नाही. नुकसान करतात त्या खालच्या धारदार गोष्टी. स्कीच्या तळाला वळणावर पकड मिळावी म्हणून टंगस्टन कार्बाइडची धार असलेल्या पट्ट्या असतात आणि बर्फावर घसरू नये म्हणून कित्येकजण मागच्या रबरी पट्ट्याला स्टीलचे खिळे, म्हणजे स्टड, मारून घेतात. मशीन आत चढवताना कार्बाइड पत्र्यावर सरळ रेघा ओढतं आणि स्टड टोचे मारतात. रंग गेला, पत्रा उघडा पडला, त्यात रस्त्यावरच्या मिठाचं पाणी.

आता ते टबसारखं बसवायचं प्लास्टिक लायनर. वरून ते ओरखडे वाचवतं हे खरं, पण गाडी हलते तसं ते पत्र्यावर घासत राहतं आणि कडांना, उंचवट्यांना खालचा रंगच खाऊन टाकतं. मशीनच्या सस्पेन्शनमध्ये ट्रेलवरचा बर्फ गच्च भरलेला असतो, तो घरी येईपर्यंत वितळतो आणि ते पाणी रस्त्यावरून उडालेल्या मिठासकट लायनरखाली जाऊन बसतं, वाळतच नाही. कोकणात मासळीच्या टेम्पोच्या हौद्याचं जे होतं तेच इथं होतं, फक्त इथं झाकलेलं असल्यामुळे दिसत नाही. त्यात गाडी रात्री गरम गॅरेजमध्ये लावली की आणखी वाईट, कारण कडाक्याच्या थंडीत गंज मंदावतो आणि उबेत ते खारं पाणी जोमात काम करतं.

स्प्रे करून बसवतात तो पॉलियुरेथेनचा थर त्यापेक्षा खूप चांगला, पत्र्याला घट्ट चिकटतो, खाली पाणी शिरायला जागा नाही. माझं मत विचाराल तर पैसे घालायचेच तर तिथे घाला. पण स्टड त्यालाही भोकं पाडतात, म्हणून त्यावर जाड रबरी मॅट आणि मॅटवर पाऊण इंची प्लायवुड हवंच. प्लायवर स्कीच्या रेषेत कडक प्लास्टिकच्या पट्ट्या स्क्रूनं बसवल्या की कार्बाइड त्यावरून सहज घसरत जातं. स्क्रूचं टोक खालून बाहेर येता कामा नये, आणि प्लाय झिजलं की बदलायचं, ते झिजण्यासाठीच आहे. मुख्य म्हणजे हे सगळं सुटं ठेवायचं आणि फेरी झाली की बाहेर काढून उभं करून वाळवायचं, नाहीतर मॅटखालीही तेच पाणी साठणार.

फोर्ड एफ-150 चा हौदा 2015 च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्यामुळे गंजाची काळजी नाही असं बरेच म्हणतात. लाल गंज येत नाही, पण पाणी-मीठ असताना स्टीलची वस्तू किंवा कुजू नये म्हणून तांब्याचं औषध मारलेलं लाकूड त्याला लागून राहिलं तर अ‍ॅल्युमिनियमही पांढरं पडून खाल्लं जातं. त्या गाडीत औषध मारलेलं प्लाय थेट पत्र्यावर ठेवूच नका, साधं ठेवा.

दुसरी जागा म्हणजे मागचा फाळका. आजकालच्या चार दारांच्या पिकअपचा हौदा बहुतेक साडेपाच फुटी आणि मशीन दहा फुटांच्या वर, म्हणजे फाळका उघडाच ठेवावा लागतो आणि मशीनच्या मागच्या रबरी पट्ट्याचं वजन त्याच्यावर, पर्यायानं दोन बाजूच्या केबलवर येतं. चढवताना झटका बसला की फाळका वाकतो. म्हणून शक्यतो साडेसहा किंवा आठ फुटी हौद्याची गाडी बघा. रॅम्प फाळक्याला जिथे टेकतो तिथे रबराची पट्टी लावा आणि रॅम्प साखळीनं गाडीला बांधल्याशिवाय मशीन चढवू नका, पट्टा फिरताना रॅम्प मागे फेकला जातो आणि माणूस मशीनसकट खाली येतो. इथले जुने लोक गाडी बर्फाच्या ढिगाला मागून लावतात, चढ कमी होतो, ते शिकण्यासारखं आहे. आत पुढच्या भिंतीला आडवा लाकडी ओंडका टाकला तर स्कीची टोकं पत्र्यात घुसत नाहीत. बांधताना पुढून दोन्ही स्कीच्या बाजूनं आणि मागून बंपरला रॅचेट पट्टे, सस्पेन्शन थोडं दबेल इतके ताणून, आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून परत आवळायचे कारण आतला बर्फ बसला की पट्टे सैल होतात आणि सैल मशीन प्रत्येक खड्ड्याला हौदा ठोकत राहते.

तुमच्या वाहनांच्या पानावर इंजिन, मायलेज, स्क्रीन यावर भरपूर येतं, तिथे हौद्याबद्दलही कधी लिहून आणा, परदेशातले वाचक नक्की वाचतील. आणि जे इकडे जुना पिकअप घ्यायला निघालेत त्यांना एवढंच सांगणं, विकणाऱ्याला लायनर पूर्ण उचलून खालचा पत्रा दाखवायला सांगा, टॉर्च घेऊन गाडीखाली झोपून हौद्याच्या आडव्या पट्ट्याही बघा, आणि विकणारा लायनर काढायला तयार नसेल तर ती गाडी घेऊ नका.

आपला,
एक वाचक, डुलूथ, मिनेसोटा