खळ घातलेली जुनी साडी, भाव नव्या साडीचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या मुलाला 4,999 रुपयांचा ‘द लास्ट ऑफ अस’ हा व्हिडिओ गेम हवाय. मूळ गेम 2013 चा. 2014 मध्ये पुढच्या प्लेस्टेशनवर (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) चकचकीत होऊन आला, 2022 मध्ये पुन्हा नव्याने बांधून पूर्ण किमतीला. वर एकमेकांशी ऑनलाइन खेळायचा भाग गायबच. ‘‘पप्पा, नवीन हाय की!’’ हे चिरंजीवांचं मत.

आमचं घर वडगावचं, विणकरांचं. जुन्या काठाची साडी नव्याने विणली तर मजुरी पूर्ण पडते, गिऱ्हाईकही कुरकुरत नाही. पण जुनीच साडी खळ घालून, इस्त्री मारून नवी म्हणून पुढे केली तर? ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ मध्ये 2005 साली गोळी झाडायची तर पाय रोवून उभं राहावं लागे. 2023 च्या रीमेकमध्ये नायक चालता चालता नेम धरतो, सुरीने वार अडवतो. ही नवी विणाई. पैसे द्यायला माझी ना नाही. (एडा या पात्राचा जो भाग पूर्वी प्लेस्टेशनवर गेमसोबतच मिळायचा, तो या वेळी वेगळा विकला, ते मात्र खटकलं.)

खरा राग 2021 च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ म्हणजे जीटीएच्या तीन जुन्या गेमांच्या संचाचा. त्यातला व्हाइस सिटी आम्ही टिळकवाडीतल्या सायबर कॅफेत खेळलो, एका खुर्चीवर तिघं. संचात काय मिळालं? पाऊस पडला की पांढऱ्या रेघांनी समोरचं दिसेना. बेळगावच्या जुलैतसुद्धा याहून बरं दिसतं. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं चुकलेली, आणि पाट्यांच्या बाबतीत आम्ही बेळगावकर जरा हळवे! भाव 60 डॉलर. त्यावर कडी म्हणजे संच येण्याआधीच जुने गेम ऑनलाइन विक्रीतून काढून टाकले. बोंब झाल्यावर कंपनीने माफी मागितली, कॉम्प्युटरवरचे जुने गेम परत ठेवले. नवी साडी खपावी म्हणून शहापुरातला दुकानदार जुनी दडवून ठेवत नाही हो. रीमेकला भाव हवा तो लावा, पण जुना गेमही शेजारी मांडा. गिऱ्हाईक हात लावून बघेल.

मुलाला सेलपर्यंत थांबायला सांगितलंय. तोवर जुन्या कॉम्प्युटरवर माझी व्हाइस सिटीची सीडी लावून दिली. पाचव्या मिनिटाला गाडीसकट समुद्रात. ‘‘पप्पा, ह्याला पवायला येत न्हाई व्हय?’’

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव