लाँड्री रूम सुरू करून देणाऱ्या मेकॅनिक दादांना

दादा,

कामाचे पैसे चुकते झाले, आभार मात्र राहिलेत. भाड्याच्या इमारतीत खाली कपडे धुवायची मशीनं ठेवली की भाड्यावर चार पैसे जास्त मिळतात, हे सगळेच सांगतात. पण मशीन बंद पडलं की भाडेकरू कपडे बाहेर देतात आणि ती सवय लागली की परत फिरकत नाहीत.

पाणी भरतं आणि भरता भरताच निघून जातं, एवढीच तक्रार होती. तुमच्या आधी आलेल्यांनी पाणी आत सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह बदलला, मग पंप बदलला, शेवटी बोर्ड गेलाय म्हणाले. ड्रेनची नळी कुठे जाते हे एकानेही वाकून पाहिलं नाही! ती जमिनीलगतच्या जाळीत सोडलेली होती, त्यामुळे सायफन लागून, म्हणजे खाली सोडलेल्या नळीतून पाणी आपोआप ओढलं जाऊन, टब रिकामा होत होता. तुम्ही उभा पाइप ७५ सेंटिमीटरपर्यंत वर घेतलात, नळी त्यात जेमतेम १५ सेंटिमीटर घातलीत आणि भोवती हवेला जागा सोडलीत. महागडा पार्ट एकही लागला नाही.

पण मनात राहिलाय तो पावडरचा चमचा. निघता निघता तुम्ही त्यावर मार्करने अर्ध्यावर रेघ मारलीत आणि तो दोरीने मशीनच्या बाजूला बांधलात. फ्रंट लोडमध्ये, म्हणजे समोरून दार असलेल्या मशीनमध्ये, पावडर जास्त झाली की फेस होतो, पंपाला पाणी ओढता येत नाही, मशीन पुन्हा पुन्हा खळबळत राहतं. एक धुणं लांबलं की दिवसाच्या फेऱ्या घटतात, कमाईही घटते. हे भाडेकरूंना सांगून कंटाळा येतो. रेघ न बोलता सांगते. ते काम कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही तुम्ही लावले नाहीत.

ड्रायरची हवा बाहेर सोडणारी प्लॅस्टिकची नळी काढून पत्र्याची लावायला सांगितलीत, तीही लावली. नळीत साचणाऱ्या लिंटने, म्हणजे कपड्यांच्या बारीक तंतूंनी, आग लागू शकते हे इतक्या स्पष्ट शब्दांत आधी कुणी बोललंच नव्हतं. गिऱ्हाईकाला घाबरवून पार्ट विकणारे पुष्कळ आहेत. खरा धोका सांगून, नको तो खर्च वाचवणारा माणूस भेटला की कामावरचा विश्वास परत येतो.

काढलेला व्हॉल्व्ह आणि पंप तुम्ही तपासून चांगले असल्याचं सांगितलंत, ते जपून ठेवलेत. दुसऱ्या इमारतीत लाँड्री रूम करायची आहे. तिथे नळ आणि ड्रेनची जागा ठरवायला आधी तुम्हीच या.