मापांच्या तक्त्यातून गाळलेल्या स्त्रिया

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रोजच्या पेहरावावर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु ‘या स्त्रियांचा बांधा निराळा असल्यामुळे त्यांना तयार कपडे नीट बसत नाहीत’ हे त्यातील विधान फार खटकले. मी गेली १९ वर्षे अटलांटा येथे कपड्यांच्या अल्टरेशनचे काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्या कपड्यांच्या शिवणी उसवताना जे दिसले, त्याच्या आधारे हे लिहीत आहे.

माझ्याकडे सर्वांत जास्त येणारे काम एकच आहे: जीन्सचा कंबरपट्टा मागून उसवायचा, मधली शिवण आत घ्यायची, लागल्यास दोन टक घालायचे आणि पट्टा पुन्हा चढवायचा. हे का करावे लागते ते कळण्यासाठी तयार कपडा कसा बेतला जातो ते पाहावे लागेल. कंपनी सहसा मधल्या मापाची एक मॉडेल निवडते, तिच्या अंगावर नमुना बसवून पाहते आणि मग तोच नमुना ठरावीक प्रमाणात लहान-मोठा करून बाकीची मापे काढते. अमेरिकी मापांच्या तक्त्यांत कंबर आणि सीट (म्हणजे नितंबांचा भाग) यांच्या घेरांतील फरक साधारण १० इंचांच्या आसपास धरलेला असतो. ज्या स्त्रीचा हा फरक १३ किंवा १४ इंच आहे, तिला सीटच्या मापाने जीन्स घ्यावी लागते, आणि मग खुर्चीवर बसताच कमरेमागे हात जाईल एवढी फट पडते. ती फट बुजवण्याचे मी २५ डॉलर घेते. म्हणजे ४० डॉलरची जीन्स तिला ६५ डॉलरला पडते, आणि हे एकदा नव्हे, दर खरेदीला. हे पैसे घेताना मला आजही संकोच वाटतो, कारण जे काम कारखान्यात कापड कापण्यापूर्वीच व्हायला हवे होते, त्याची किंमत ती मला देत असते.

हा तक्ता कुठून आला, हे आपल्या लेखात यायला हवे होते. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने स्त्रियांची मापे घेण्याची मोठी मोहीम काढली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी तिचा अहवाल तयार केला आणि तो १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली गेली. पण निष्कर्ष काढताना केवळ गौरवर्णीय स्त्रियांची मापे धरली आणि इतरांची वगळली. तिथे टेप लावला गेला, आकडा लिहिला गेला आणि नंतर तो बाजूला काढण्यात आला, हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ सुन्न होते. याच आकड्यांच्या पायावर १९५८ मध्ये स्त्रियांच्या तयार कपड्यांचे सरकारी मानक आले. ते १९८३ मध्ये मागे घेण्यात आले आणि आज प्रत्येक कंपनीचा तक्ता स्वतंत्र आहे, तरी मूळ आराखड्याची सवय सुटलेली नाही, असे माझ्या टेबलावर येणारे कपडे पाहून मला वाटते.

माझ्या एक वयोवृद्ध ग्राहक सांगतात की, त्यांच्या लहानपणी आई दुकानात जाताना कागदावर पावलाची आकृती काढून नेत असे, कारण वर्णभेदाच्या कायद्यांच्या त्या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागातील अनेक दुकानांत कृष्णवर्णीय ग्राहकांना बूट, टोप्या किंवा कपडे घालून पाहू देत नसत. कपडा अंगाला लावून पाहण्याचा साधा हक्क ज्यांना नव्हता, त्यांचे शरीर ‘निराळे’ म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबायला हवे.

शिवाय, कृष्णवर्णीय स्त्रियांचा एकच एक बांधा असतो हेही खरे नाही. माझ्याकडे सहा फूट उंचीच्या, सडपातळ ग्राहक येतात, ज्यांना कंबरेचा काहीच त्रास नसतो, पण बाही मनगटाच्या चार बोटे वर राहते. काहींना मुंढा (बाही जोडतात तो काखेजवळचा भाग) काचतो, काहींना खांदे सैल होतात. एखाद्या कंपनीने उद्या ‘कृष्णवर्णीय स्त्रियांचे माप’ म्हणून एक नवा ठरावीक साचा काढला, तर तीच चूक दुसऱ्या बाजूने होईल. एकाच मापात कंबर व सीट यांच्या दोन-तीन वेगवेगळ्या जोड्या, उंचीचे पर्याय आणि मागच्या पट्ट्यात थोडे इलॅस्टिक एवढे जरी नेहमीच्या मालात मिळाले, तरी माझे निम्मे काम कमी होईल आणि ते व्हावे अशी माझी इच्छा आहे.

रंगाबाबतही एक गोष्ट सांगते. पांढऱ्या शर्टाखाली दिसू नये म्हणून घालायची अंतर्वस्त्रे वर्षानुवर्षे फिकट गुलाबी-पिवळसर छटेत विकली गेली आणि त्यालाच ‘न्यूड’ किंवा ‘स्किन कलर’ म्हटले गेले. सावळ्या अंगावर ती शर्टातून ठळक दिसतात. अडे हसन यांनी २०१४ मध्ये लंडनमध्ये ‘न्यूबियन स्किन’ ही कंपनी सुरू करून तपकिरी रंगाच्या चार छटांत अंतर्वस्त्रे आणि मोजे आणले. २०१५ मध्ये मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने ‘न्यूड’ची जुनी, गोऱ्या त्वचेशी जोडलेली व्याख्या बदलली. आपल्या लेखात मात्र ‘स्किन कलरची स्लिप’ असे शब्द आहेत. कोणाच्या त्वचेचा रंग, हा प्रश्न वाचकाला पडायला हवा.

सोयीचा विचार तर लेखात आलाच नाही. केसांच्या वेण्या किंवा नैसर्गिक कुरळे केस असलेल्या स्त्रीसाठी अरुंद गळ्याचा स्वेटर रोज डोक्यावरून ओढणे ही यातना आहे; सुती अस्तराची टोपी केसांतील तेल शोषून घेते आणि घर्षणाने केस तुटतात, म्हणून अनेक जणी माझ्याकडून हुडीच्या टोपीला आतून सॅटिनचे अस्तर लावून घेतात. गडद त्वचेवर शिवण किंवा पट्टा सतत घासला तर काळसर डाग उमटतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. गर्भाशयातील गाठींबाबत एका अमेरिकी अभ्यासात पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना त्या होत असल्याचे आढळले, आणि गौरवर्णीय स्त्रियांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होते. या गाठींमुळे पोट फुगलेले आणि दुखरे असताना कडक कंबरपट्ट्यात आठ तास काम करणे म्हणजे काय, हे कपडे बेतणाऱ्यांनी त्या स्त्रियांनाच विचारले पाहिजे.

२०२१ मध्ये दाट केसांसाठी बनवलेल्या ‘सोल कॅप’ या पोहण्याच्या टोपीला आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने आधी मान्यता नाकारली, कारण ती डोक्याच्या ‘नैसर्गिक आकारा’ला धरून नाही असे त्यांचे म्हणणे होते, वर्षभराने, २०२२ मध्ये, ती मान्यता दिली गेली. ‘नैसर्गिक आकार’ आणि आपल्या लेखातील ‘निराळा बांधा’ हे एकाच नजरेतून आलेले शब्द आहेत.

म्हणून नम्र विनंती आहे की, पुढच्या पुरवणीत या विधानाची दुरुस्ती छापावी, आणि या विषयावर पुन्हा लिहिण्यापूर्वी ज्या स्त्रियांविषयी लिहायचे त्यांच्यापैकी किमान दोघी-तिघींशी बोलून त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत द्यावे. माझ्या काही ग्राहक यासाठी आनंदाने वेळ देतील. त्यांच्याशी गाठ घालून देण्याचे काम मी करीन.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, अटलांटा