नाशिकच्या त्या अनोळखी माणसांना थँक्यू

आमच्या अण्णांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, गाठ काढली, आता घरी आहेत आणि चहात साखर कमी म्हणून चिडचिड पण सुरू झालीय. डॉक्टरांचे आभार तोंडावर मानले, पण ज्यांची नावं विचारायची राहिली त्यांच्यासाठी हे.

नाइट ड्युटीच्या सिस्टर, आदल्या दिवशी ते पोट साफ करायचं दोन लिटर औषध अण्णांनी पहिल्याच ग्लासला "नको गं बाई" करून ढकललं, तर तुम्ही ते गार करून आणलंत, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, आणि शेवटी पाण्यासारखं स्वच्छ होईपर्यंत स्वतः बघून खात्री केलीत. सोबतच्या अँटिबायोटिक गोळ्या का, तर नुसतं पोट साफ करून भागत नाही, आतले जंतू कमी झाले की जखमेत पू व्हायची भीती कमी, हे इतकं सोप्या भाषेत आम्हाला दुसऱ्या कोणीच सांगितलं नव्हतं. पोटावरचे केस वस्तऱ्याने नाही तर मशीननेच काढायचे, बारीक चिरा पडल्या की तिथून इन्फेक्शन होतं, म्हणून वॉर्डबॉय दादाला थांबवणाऱ्या पण तुम्हीच.

मुंबई नाक्याचे मेडिकलवाले काका, रात्री शटर अर्धं ओढलेलं असताना पावडरची पाकिटं काढून दिलीत, वर सुटे नाहीत तर उद्या द्या म्हणालात.

आणि शेजारच्या बेडवरच्या निफाडच्या मावशी, दुसऱ्याच दिवशी अण्णांना दम देऊन चालायला लावलंत हो! आमचं तर ऐकतच नव्हते.