वगळलेल्या नोंदीही जपून ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून विजा आणि वादळांच्या वर चमकणारे प्रकाशविसर्ग टिपणाऱ्या 'असिम' उपकरणाच्या नोंदी तपासून तुम्ही पाठवलेली यादी मिळाली. मनापासून आभार. याआधी ज्यांना विचारलं, त्यांनी 'डेटा खुला आहे, बघून घ्या' म्हणत बोळवण केली. डेटा २०१८ पासूनचा आहे हो, पण त्यात काय बघायचं ते कुणी सांगेना.

तुम्ही निवडलेल्या घटनांपेक्षा वगळलेल्या जास्त उपयोगी पडल्या. एरवी लोक नको त्या नोंदी गुपचूप काढून टाकतात. तुम्ही त्या ठेवल्यात आणि प्रत्येकीपुढे एका ओळीत कारण लिहिलंत. 'एकाच फोटोमीटरमध्ये, एकाच नमुन्यात उंचवटा, शेपूट नाही: कणाचा आघात.' फोटोमीटर म्हणजे प्रकाश मोजणारं यंत्र; त्याचा एक नमुना, म्हणजे एक मोजणी, १० मायक्रोसेकंदांची, आणि उंचवटा म्हणजे त्या आलेखातली प्रकाशाची उसळी. कण म्हणजे यंत्रावर आदळणारा अवकाशातला वेगवान कण. ढगातून विखुरत आलेला प्रकाश इतक्यात मावळत नाही, हे त्या ओळीने लख्ख कळलं. दक्षिण अटलांटिकवर असे आघात वाढतात, म्हणून तिथल्या नोंदींना वेगळी खूणही केलीत. दुसरीकडे लिहिलंत, '३३७ नॅनोमीटर जोरात, ७७७.४ जवळपास शून्य: ढगमाथ्याचा निळा विसर्ग.' हे आकडे प्रकाशाच्या तरंगलांबीचे. विजेच्या तापलेल्या वाटेतला ऑक्सिजन ७७७.४ ला उजळतो. तो गप्प, म्हणजे वाट तापलीच नाही.

एल्व्ह, म्हणजे साधारण ९० किमी उंचीवर क्षणभर पसरणारं प्रकाशाचं कडं, १८० ते २३० नॅनोमीटरच्या पट्ट्यात शोधायचं. खालच्या विजेचा हा अतिनील प्रकाश वाटेतली हवाच शोषून घेते, म्हणून तिथे मिलिसेकंदाहून छोटा ठळक उंचवटा दिसला की तो बहुधा वरचाच. स्प्राइट, म्हणजे वादळाच्या खूप वर क्षणभर चमकणारा लालसर विसर्ग, त्यापुढे मात्र तुम्ही प्रश्नचिन्ह ठेवलंत, आणि ते रास्तच. या नोंदींच्या वेळी असिम सरळ खाली बघत होतं, त्यामुळे स्प्राइट आणि त्याची वीज एकाच रेषेत येतात. फोर्मोसॅट-२ उपग्रहावरचं आयसुअल हे उपकरण क्षितिजाकडे बघायचं, तिथे दोन्ही वेगवेगळे दिसत.

वेळेचा घोळही तुम्हीच सोडवलात. असिमने नोंदलेली वेळ वीस-तीस मिलिसेकंदांनी चुकू शकते, आणि एकाच विजेतले लागोपाठचे फटकेही तेवढ्याच अंतराने पडतात. एकच उंचवटा विजेच्या जमिनीवरून घेतलेल्या नोंदीशी जुळवला तर शेजारचा फटका गळ्यात पडतो. तुम्ही अख्खी मालिका सरकवून जुळवलीत.

अनोळखी माणसाला 'हो' किंवा 'नाही' कळवून मोकळं होता येतं. 'का नाही' हे इतक्या निगुतीने लिहायला मोठं मन लागतं.

प्रश्नचिन्हांपैकी एखाद्या घटनेचा जमिनीवरून घेतलेला व्हिडिओ हाती लागला, तर तो पहिल्यांदा तुम्हालाच पाठवू.