निवड समितीवर बसणाऱ्या लेकीस

मालवण

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. शांतता अध्ययनाच्या प्राध्यापकपदासाठी आलेल्या अर्जांतून तिघे उरले असून पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाखती आहेत, हे वाचल्यापासून माझ्या मनात तोच विषय घोळतो आहे. निवड समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षे बसले, म्हणून तू मला विचारलेस की अशा जागेसाठी माणूस कसा ओळखावा. इतिहासाच्या जागेसाठी जे मी पाहत असे, तेवढे येथे पुरणार नाही असे मला वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमचे विद्यापीठ बहाई प्रेरणेने, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणात उगम पावलेल्या बहाई धर्माच्या प्रेरणेने चालते, याचा अर्थ तेथे बहाई धर्म शिकवला जातो असा नाही, हे मी आता येथे विचारणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगते. बोलिव्हियातील सांताक्रूझचे नूर विद्यापीठ आपल्या लोकांना माहीत नसते, पण अशाच प्रेरणेने पाचगणीला १९४५ साली सुरू झालेले न्यू एरा हायस्कूल म्हटले की लगेच ओळख पटते. त्या शाळेतही सर्व धर्मांची मुले शिकत आली आहेत. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की उमेदवाराची श्रद्धा विचारू नका, आणि तो तुमच्याशी सहमत आहे याला वजनही देऊ नका. सत्याचा शोध प्रत्येकाने स्वतंत्रपणे घ्यावा हे बहाई शिकवणुकीचे एक मुख्य तत्त्व आहे, आणि मतांच्या घर्षणातूनच सत्याची ठिणगी उडते असे बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांचे पुत्र अब्दुल बहा यांनी सांगितले आहे. हैफा येथील विश्व न्याय मंदिर या बहाईंच्या सर्वोच्च संस्थेने ऑक्टोबर १९८५ मध्ये जगातील सर्व लोकांना उद्देशून जे निवेदन काढले, त्यात जागतिक शांतता केवळ शक्य नव्हे तर अटळ आहे असे म्हटले आहे. समजा, एखाद्या उमेदवाराने मुलाखतीत 'मला ही अटळता पटत नाही' असे म्हटले आणि आपली कारणे नीट मांडली, तर त्याच्या नावावर काट मारण्याऐवजी त्याला आणखी अर्धा तास द्यावा.

पहिल्या उमेदवाराचे शस्त्रनियंत्रण करारांवरचे शोधनिबंध पुष्कळ आहेत, त्याबद्दल मला फार लिहायचे नाही. ती विद्वत्ता खरी आहे आणि तुमचे तज्ज्ञ ती जोखतील. मला अधिक विचार करावासा वाटला तो दुसऱ्या बाईंचा, ज्यांचे लेखन थोडे आहे पण ज्यांनी जमिनीच्या तंट्यांत दोन्ही बाजूंच्या घरी बसून दहा वर्षे काढली. तिघांनाही एकच काम द्या असे मी सुचवते. ठरावीक व्याख्यानाऐवजी एक खराखुरा तंटा त्यांच्यापुढे ठेवा, आणि तो दोन्ही बाजूंच्या तोंडून, दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा शब्दांत सांगायला लावा.

तंटा कोणता ठेवावा, तर आपलाच ठेव. तुझे आजोबा रापणीच्या संघात होते. पहाटे होडीतून जाळे टाकून आल्यावर दोन्ही टोकांचे दोर माणसांच्या रांगा किनाऱ्यावरून ओढत, आणि जाळ्यात जे येईल त्याचे वाटे ओढणाऱ्या सर्वांत होत. हे लहानपणी मी किनाऱ्यावर बसून कितीदा पाहिले आहे. पुढे यांत्रिक नौका आणि माशांच्या थव्याला वेढा घालणारी पर्ससीन जाळी आली. एका फेरीत पूर्ण थवा उचलला जाऊ लागल्यावर किनाऱ्यापर्यंत मासळी पोहोचेनाशी झाली, असे रापणकर सांगतात. पण पर्ससीनवाल्याच्या डोक्यावर नौकेचे कर्ज असते, आणि त्याच नौकेवरचा खलाशी कित्येकदा नेपाळहून पोट भरण्यासाठी आलेला असतो. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०१६ साली शासनाने पर्ससीनवर निर्बंधही घातले, तरी भांडण मिटलेले नाही. जो विद्वान या तंट्यात खलनायक शोधून पाच मिनिटांत मोकळा होईल, त्याच्या हाती विद्यार्थी देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

शांतता अध्ययनाचे नॉर्वेजियन अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी नकारात्मक शांतता (नुसती हिंसा थांबलेली) आणि सकारात्मक शांतता (न्याय्य संबंधांतून उभी राहिलेली) यांत केलेला भेद तू मला एकदा फोनवर समजावत होतीस, तेव्हा मला पावसाळ्यातला मासेमारीचा बंदीकाळ आठवला होता. जून आणि जुलैत नौका शाकारलेल्या असतात, कोणीही कोणाचे जाळे कापत नाही, बंदर शांत दिसते. आणि तरीही ऑगस्ट उजाडला की तेच भांडण तेथूनच पुढे सुरू होते. ती शांतता पावसाची असते, माणसांनी केलेली नसते. तुमच्या उमेदवाराला हा फरक पुस्तकाबाहेर दिसला पाहिजे.

तिसऱ्या उमेदवाराविषयी तू संकोचाने लिहिलेस, की त्याची पहिली पदवी इराणमधल्या बहाई उच्च शिक्षण संस्थेची आहे आणि समितीतील एक सदस्य तिच्या मान्यतेबद्दल शंका घेतात. ताई, येथे मला गप्प राहवत नाही. १९७९ च्या क्रांतीनंतर बहाई तरुणांना विद्यापीठांची दारे बंद झाली, म्हणून १९८७ साली त्या समाजाने लोकांच्या घरांतल्या खोल्यांत स्वतःचे वर्ग सुरू केले. २०११ मध्ये त्या घरांवर छापे पडले आणि शिकवणाऱ्यांना तुरुंगात जावे लागले. संरचनात्मक हिंसा, म्हणजे समाजाच्या रचनेतूनच माणसावर होणारा अन्याय, ही संज्ञा गाल्टुंग यांनी १९६९ साली मांडली, ती तुम्ही वर्गात शिकवणार, आणि ती ज्याने सोसली त्याचा अर्ज शिक्का नाही म्हणून बाजूला ठेवणार, हे मला पटत नाही. त्याला सवलत देऊ नका. पुढच्या पदव्या, प्रबंध, अध्यापन सारे कसून तपासा. फक्त त्या राजवटीने नाकारलेली मान्यता तुम्ही पुन्हा नाकारू नका.

आता समितीच्या वागण्याविषयी. एका महाविद्यालयात मी मुलाखतीला बसले होते, आणि गुणपत्रकावर आकडे लिहिण्याआधीच नाव ठरलेले आहे हे मला चहाच्या वेळी कळले. मी सही केली. त्या सहीचे मला आजही वाईट वाटते. बहाई निवडणुकांत उमेदवारी नसते, प्रचार नसतो, मतदान गुप्त असते. आणि परामर्शाच्या, म्हणजे एकत्र बसून विचारविनिमय करण्याच्या, त्यांच्या रीतीत एकदा मांडलेले मत मांडणाऱ्याचे राहत नाही, ते सर्वांचे होते आणि त्याचा अभिमान धरायचा नसतो. तुमच्या समितीने या जागेपुरती तरी हीच रीत पाळावी. चर्चेआधी प्रत्येकाने आपले मत लिहून ठेवावे, आणि कोणीही कोणाला आदल्या रात्री फोन करू नये.

निर्णय झाल्यावर उरलेल्या दोघांना पत्र तू स्वतः लिही. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलाखतीनंतर मी चार महिने पोस्टमनची वाट पाहिली होती. उत्तर आले नाही, ते आजतागायत आलेले नाही. त्या दोघांना त्यांच्या मांडणीतले काय आवडले आणि कोठे कमी पडले, हे कळले पाहिजे.

मुलाखती झाल्या की सविस्तर कळव. रापणीविषयी काही विचारायचे असेल तर संघातील वडीलधाऱ्यांना विचारून मी लिहून पाठवीन.

तुझी,
आई